मेथडच्या उंबरठ्यावर

एखाद्या बँकेचे व्यवहार सांभाळणारी आज्ञावली जावा भाषेत लिहिलेली आहे, आणि एका खात्यातली रक्कम दुसऱ्या खात्यात वर्ग करणे एवढ्याच कामासाठी तीत एक मेथड आहे, असे समजू. त्या कामाचा गाभा दोन ओळींचा आहे: एका खात्यातून रक्कम वजा करावी, दुसऱ्यात ती जमा करावी. परंतु प्रत्यक्ष वापरातल्या आज्ञावलीतली अशी मेथड उघडून पाहणाऱ्यास त्या दोन ओळी हुडकाव्या लागतात. कारण त्यांच्या अगोदर, हुकूम करणाऱ्या इसमास तसा अधिकार आहे किंवा नाही याची तपासणी असते, डेटाबेसमधले ट्रान्झॅक्शन उघडण्याची व्यवस्था असते, कोणी, केव्हा आणि किती रकमेसाठी ही मेथड बोलावली याची नोंद असते. आणि त्यांच्या पाठोपाठ, सर्व सुरळीत पार पडले तर ट्रान्झॅक्शन कायम करण्याची, मध्येच काही बिघडले तर झालेले सर्व मागे घेण्याची, आणि दोहोंपैकी काहीही घडले तरी त्याचा दाखला लॉगमध्ये उतरवण्याची तजवीज असते. हीच तजवीज, जवळजवळ शब्दशः, ठेव स्वीकारणाऱ्या मेथडमध्ये असते, व्याज आकारणाऱ्या मेथडमध्ये असते, कर्जाचा हप्ता वळता करणाऱ्या मेथडमध्येही असते.

या पुनरुक्तीचा खरा उपद्रव लिहिण्याच्या श्रमात नाही. पुढे कधी तपासणीचा नियम बदलला, तर तो बदल जितक्या ठिकाणी तपासणी आहे तितक्या ठिकाणी करावा लागतो, आणि त्यातले एखादे ठिकाण नजरेतून सुटले तर त्याची वर्दी कोणीही देत नाही. कंपायलर बिनतक्रार ती फाइल स्वीकारतो, आज्ञावली चालते, रक्कम वर्ग होते. फक्त तपासणी झालेली नसते. जो नियम सर्व संस्थेस लागू आहे, तो संस्थेत कोठेही एका जागी लिहिलेला नसावा, आणि त्याचे पालन प्रत्येक लेखकाच्या स्मरणशक्तीवर सोपवलेले असावे, ही अवस्था मला नेहमीच चिंताजनक वाटत आली आहे.

आज्ञावलीचे विभाग कोणत्या तत्त्वाने पाडावेत, हा प्रश्न जावाहून पुष्कळ जुना आहे. डेव्हिड पार्नास यांनी 1972 साली असे प्रतिपादन केले की जे निर्णय पुढे बदलण्याचा संभव आहे, ते एकेका विभागाच्या आत झाकून ठेवावेत, म्हणजे बदलाचा धक्का शेजाऱ्यांना लागत नाही. आणि पुढे दोनच वर्षांनी एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी, एका वेळी प्रश्नाचे एकच अंग विचारात घ्यावे आणि बाकीची अंगे तेवढ्यापुरती दूर ठेवावीत, या शिस्तीस शास्त्रीय विचारपद्धतीचे मर्म म्हणून मान दिला. ऑब्जेक्ट-प्रधान भाषांनी ही शिस्त पुष्कळ अंशी साध्य केली. खाते हा एक क्लास झाला, ग्राहक हा दुसरा, कर्ज हा तिसरा, आणि प्रत्येकाचे ज्ञान त्याच्या त्याच्या हद्दीत राहिले. परंतु या वाटणीने सर्वच चिंता जागेवर बसल्या नाहीत. अधिकाराची तपासणी ही खात्याची खासगी बाब नाही आणि कर्जाचीही नाही. ती त्या सर्व हद्दी आडव्या छेदून जाते. क्लासांची आखणी कितीही फिरवून केली तरी अशी काही कर्तव्ये आखणीच्या रेघा ओलांडणारच, हे ज्यांनी स्पष्टपणे ओळखले आणि त्यावर भाषेच्या पातळीवर उपाय सुचवला, ती मंडळी कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात, म्हणजे झेरॉक्स पार्कमध्ये, काम करीत होती.

फिनलंडमधील युव्हास्क्युला येथे 1997 साली भरलेल्या युरोपीय परिषदेत ग्रेगर किक्झालेस आणि त्यांचे सहकारी यांनी ‘अ‍ॅस्पेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग’ या नावाने आपला निबंध मांडला. त्याच्या सात लेखकांत अनुराग मेंढेकर हे नाव मराठी वाचकाच्या नजरेत सहज भरते. पुढे हे लोक आपला मुद्दा पटवण्यासाठी अपाचे टॉमकॅट या जावातील वेब सर्व्हरची चित्रे दाखवीत असत, ज्यांत प्रत्येक क्लास एका उभ्या पट्टीने दाखवलेला असे. एक्सएमएल वाचण्याचे काम करणाऱ्या ओळी रंगवल्या की एकच पट्टी सबंध रंगे, आणि पाहणाऱ्याचे समाधान होई. परंतु लॉग लिहिणाऱ्या ओळी रंगवल्या की जवळजवळ सगळ्या पट्ट्यांवर लहानमोठे ठिपके उमटत. कोणत्याही युक्तिवादाहून ते चित्र अधिक बोलके होते.

त्यांनी सुचवलेली योजना थोडक्यात अशी. जावामध्ये जे जे घडते ते बहुतेक सर्व मेथड बोलावण्याच्या रूपाने घडते: एक ऑब्जेक्ट दुसऱ्यास एखादी मेथड करण्यास सांगतो, सोबत आवश्यक ती मूल्ये देतो, आणि उत्तराची वाट पाहतो. सांगणे आणि करणे यांच्या दरम्यानचा हा क्षण निश्चित आहे, तो आज्ञावलीच्या संहितेत ओळखता येतो, आणि तेथे थांबता येते. अशा थांबण्याजोग्या क्षणास ते जॉइन पॉइंट म्हणतात. अशा असंख्य क्षणांपैकी कोणते आपल्याला हवेत, याचे वर्णन करणारे वाक्य म्हणजे पॉइंटकट: ‘बँकेच्या सेवांच्या पॅकेजमधील, रक्कम हे मूल्य घेणारी प्रत्येक सार्वजनिक मेथड’ असे ते वाक्य असू शकते. आणि तेथे थांबल्यावर काय करावे, हे सांगणारा मजकूर म्हणजे अ‍ॅडव्हाइस. पॉइंटकट आणि अ‍ॅडव्हाइस यांचा मिळून जो स्वतंत्र विभाग होतो तो अ‍ॅस्पेक्ट. आणि त्याचा मजकूर मूळ आज्ञावलीत योग्य जागी गुंफून देण्याच्या क्रियेस विव्हिंग म्हणतात. अधिकाराची तपासणी आता एका फाइलीत, एकदाच लिहिली जाते. आणि रक्कम वर्ग करणारी मेथड पुन्हा दोन ओळींची होते.

यातली अ‍ॅडव्हाइस ही कल्पना पार्कच्या मंडळींनी शून्यातून निर्माण केली असे मात्र नाही. एमआयटीमध्ये 1966 साली वॉरन टाइटलमन यांनी आपल्या प्रबंधासाठी लिस्प भाषेत जी पायलट नावाची व्यवस्था रचली, तीत एखाद्या कार्याचा मजकूर न उघडता त्याच्या आधी वा नंतर नवे वर्तन जोडण्याची सोय होती आणि तिला हेच नाव होते. किक्झालेस स्वतः लिस्पच्याच परंपरेतले. भाषेने आपले अंतरंग कोणत्या मर्यादेपर्यंत उघडे करावे, या विषयावर 1991 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचे ते एक लेखक. जावासाठी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलेल्या अ‍ॅस्पेक्टजे या विस्ताराची पहिली पूर्ण आवृत्ती 2001 मध्ये बाहेर आली, आणि 2002 च्या अखेरीस तो एक्लिप्स प्रकल्पाच्या स्वाधीन झाला.

अ‍ॅडव्हाइसचे प्रकार सांगून लगेच पुढे जाता येईल: कामाच्या आधी चालणारी, नंतर चालणारी, उत्तर नीट परत आले तरच चालणारी, एक्सेप्शन फेकले गेले तरच चालणारी. हे चारही प्रकार साक्षीदाराच्या भूमिकेतले आहेत. आधी चालणारी अ‍ॅडव्हाइस स्वतः एक्सेप्शन फेकून काम अडवू शकते, पण ते काम दुसरीकडे वळवू शकत नाही. पाचवा प्रकार निराळ्या जातीचा आहे आणि त्याच्यापाशी रेंगाळले पाहिजे. अराउंड नावाची ही अ‍ॅडव्हाइस मूळ कामाच्या जागीच येऊन उभी राहते, आणि मूळ काम चालवण्याची किल्ली, प्रोसीड या नावाची, तिच्या हाती येते. तिने प्रोसीड म्हटले तर काम होईल. न म्हटले तर होणार नाही, आणि बोलावणाऱ्यास त्याचा पत्ताही लागणार नाही. ती दोनदा प्रोसीड म्हणू शकते, म्हणजे पहिला प्रयत्न फसल्यास काम पुन्हा करवू शकते. सोबत आलेली मूल्ये बदलून पुढे पाठवू शकते. परत आलेले उत्तर बदलू शकते. किंवा सारे बोलावणेच दुसऱ्या एखाद्या ऑब्जेक्टकडे वळवू शकते.

हे वळवणे किती उपयोगी पडते, याचे एक उदाहरण माझ्या फार आवडीचे आहे. मुदत ठेवीवरचे व्याज मोजणारी मेथड आजची तारीख जाणून घेण्यासाठी जावाच्या सिस्टिम क्लासला करंटटाइममिलिस ही मेथड विचारते, आणि ती 1 जानेवारी 1970 पासून लोटलेल्या मिलिसेकंदांची संख्या परत देते. आता ही मेथड 31 मार्चला, किंवा 29 फेब्रुवारीला, बरोबर वागते की नाही, हे तपासायचे कसे? त्या दिवसाची वाट पाहणे शक्य नाही. आणि जावाचे स्वतःचे ग्रंथालय बदलणे योग्य नाही. पण ‘आपल्या पॅकेजातून सिस्टिमच्या घड्याळाला जाणारे प्रत्येक बोलावणे’ असा एक पॉइंटकट आणि ‘प्रोसीड न म्हणता, ठरवून दिलेल्या क्षणाची संख्या परत करावी’ अशी एक अराउंड अ‍ॅडव्हाइस, एवढ्या दोन गोष्टींनी चाचणीपुरते सगळे घड्याळ लीप वर्षाच्या फेब्रुवारीत नेऊन ठेवता येते, आणि व्याज मोजणाऱ्या मजकुरास हातही लावावा लागत नाही. येथे एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. अ‍ॅस्पेक्टजे बोलावणाऱ्याच्या बाजूचा क्षण आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्याच्या बाजूचा क्षण हे दोन निराळे जॉइन पॉइंट मानते. घड्याळाची मेथड जावाच्या ग्रंथालयात असल्यामुळे तिच्या आत सहसा गुंफता येत नाही. पण तिला बोलावणारा मजकूर आपला असल्यामुळे तेथे गुंफता येते. कोणत्या बाजूस उभे राहायचे, हा निर्णय म्हणूनच तपशिलाचा नसून योजनेच्या मुळाशी असतो.

गुंफण्याची क्रिया कधी होते, याचे मार्ग अनेक. अ‍ॅस्पेक्टजेचा स्वतःचा कंपायलर मूळ मजकूर आणि अ‍ॅस्पेक्ट एकत्र वाचून थेट गुंफलेला बाइटकोड लिहू शकतो. आधीच तयार झालेल्या क्लास फाइली घेऊन त्यांतही तो गुंफू शकतो. 2004 साली आलेल्या जावा 5 ने एजंट नावाची सोय दिली, जिच्यामुळे आज्ञावली चालू होताना, एकेक क्लास स्मृतीत दाखल होत असतानाच, त्याचा बाइटकोड बदलता येऊ लागला.

परंतु व्यवसायात सर्वाधिक प्रचार झाला तो याहून साध्या मार्गाचा. 2000 साली आलेल्या जेडीके 1.3 मध्ये प्रॉक्सी नावाची सोय होती: एखाद्या इंटरफेसमध्ये ज्या मेथड जाहीर केल्या असतील, त्या सर्वांची बोलावणी स्वतः स्वीकारणारा एक मुखत्यार ऑब्जेक्ट आज्ञावली चालू असताना तयार करता येऊ लागला. रॉड जॉन्सन यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या आणि 2004 मध्ये पहिली पूर्ण आवृत्ती निघालेल्या स्प्रिंग फ्रेमवर्कने हाच मार्ग धरला. जेथे इंटरफेस नसेल तेथे मूळ क्लासचा उपक्लास तयार करून त्याला मुखत्यार नेमले. बाइटकोड बदलायचा नाही, निराळा कंपायलर लागत नाही. खऱ्या ऑब्जेक्टच्या ऐवजी मुखत्याराचा पत्ता सर्वांना वाटून दिला की झाले. एंटरप्राइझ जावाबीन्सच्या कंटेनरने 1998 पासून जे काम फार अवजड रीतीने केले होते, ते येथे साध्या क्लासांवर होऊ लागले, आणि ट्रान्झॅक्शनल एवढे एक अ‍ॅनोटेशन मेथडच्या माथ्यावर लिहिले की ती मेथड ट्रान्झॅक्शनच्या संरक्षणाखाली जाऊ लागली.

या साधेपणाची एक किंमत आहे, आणि ती अनेकांना फार उशिरा कळते. जुन्या मामलेदार कचेरीत बाहेरून येणारा प्रत्येक कागद बारनिशी कारकुनाच्या टेबलावर नोंदला जाई, त्यावर शिक्का बसे, आणि मगच तो आत जाई. पण कचेरीच्या आत एका कारकुनाने शेजारच्या कारकुनाच्या हाती परस्पर दिलेल्या कागदाची बारनिशीला काहीच खबर नसे. स्प्रिंगचा प्रॉक्सी नेमका त्या बारनिशीच्या टेबलावर बसलेला आहे. बाहेरच्या ऑब्जेक्टने मेथड बोलावली तर बोलावणे मुखत्याराकडून जाते आणि ट्रान्झॅक्शन उघडते. परंतु त्याच क्लासमधल्या एका मेथडने दुसरीला थेट बोलावले, तर ते बोलावणे आतल्या आतच पोहोचते, अ‍ॅनोटेशन डोळ्यांसमोर लिहिलेले असूनही ट्रान्झॅक्शन उघडत नाही, आणि कोठेही चूक म्हणून नोंदले जात नाही. प्रायव्हेट आणि फायनल मेथडचीही तीच गत, कारण उपक्लासला त्यांच्यावर आपला हक्क चालवता येत नाही. 2019 मध्ये आलेल्या क्वार्कस या फ्रेमवर्कने मुखत्यार आणि खरा ऑब्जेक्ट असे दोन न ठेवता गुंफलेला उपक्लास हाच खरा ऑब्जेक्ट केला, त्यामुळे तेथे स्वतःला बोलावलेली मेथडही सापडते. स्प्रिंग वापरणाऱ्यास मात्र हा नियम पाठ असलाच पाहिजे, असे मी आग्रहाने म्हणेन.

दुसरी गोष्ट क्रमाची. एकाच मेथडवर अधिकाराची तपासणी, पूर्वीचे उत्तर साठवून ठेवणारा कॅश, आणि ट्रान्झॅक्शन असे तीन अ‍ॅस्पेक्ट बसले, तर बाहेरून आत येताना प्रथम कोण भेटेल? कॅश प्रथम भेटला, आणि एका अधिकाऱ्यासाठी काढलेले उत्तर त्यात शिल्लक असले, तर अधिकार नसलेल्या इसमास तेच उत्तर तपासणीविना मिळेल. तसेच ट्रान्झॅक्शनच्या आतल्या बाजूस एखादा अ‍ॅस्पेक्ट एक्सेप्शन पकडून लॉगमध्ये लिहीत असेल आणि ते पुढे न फेकता रिकामे उत्तर परत करीत असेल, तर बाहेरच्या ट्रान्झॅक्शनला सर्व क्षेम वाटेल, आणि एका खात्यातून वजा झालेली पण दुसऱ्यात जमा न झालेली रक्कम कायम केली जाईल. शिवाय स्प्रिंग अनचेक्ड एक्सेप्शन आणि एरर यांवरच ट्रान्झॅक्शन मागे घेते. चेक्ड एक्सेप्शन आले तर ते कायमच करते, जोवर तसे न करण्याची सूचना स्पष्ट दिलेली नाही. अ‍ॅस्पेक्टजेमध्ये अग्रक्रम जाहीर करण्याची आणि स्प्रिंगमध्ये क्रमांक देण्याची सोय आहे. ज्या संहितेत दोनहून अधिक अ‍ॅस्पेक्ट आहेत आणि त्यांचा क्रम कोठेही लिहिलेला नाही, ती तपासल्याखेरीज चालू करू नये.

टीका अर्थातच झाली, आणि ती योग्य मर्मावर झाली. रॉबर्ट फिलमन आणि डॅनियल फ्रीडमन यांनी 2000 साली या पद्धतीची दोन लक्षणे सांगितली होती: एकाच विधानाने अनेक स्थळांविषयी बोलता येणे, आणि ती स्थळे लिहिणाऱ्यास त्याची जाणीव नसणे. यातल्या दुसऱ्या लक्षणाकडे समर्थक गुण म्हणून पाहत, तर टीकाकारांना तेच दोषाचे मूळ वाटे. ज्याला मेथड वाचून ती काय करते हे कळू शकत नाही, त्याने ती दुरुस्त कशी करावी, हा प्रश्न फ्रीडरिश श्टाइमान यांनी 2006 साली या पद्धतीच्या यशाची विसंगती उलगडताना नेटाने मांडला. पॉइंटकट नावांच्या नमुन्यावर विसंबून असतो, ही त्याहून व्यवहारातली अडचण. ‘सेट’ने सुरू होणारी प्रत्येक मेथड, म्हणजे ऑब्जेक्टची स्थिती बदलणारी प्रत्येक मेथड, असा नियम कोणी लिहितो, पुढे दुसरा कोणी हिशेब चुकता करण्यासाठी ‘सेटल’ नावाची मेथड लिहितो, आणि ती नकळत त्या जाळ्यात सापडते. उलट, एखाद्या मेथडचे नाव सद्भावनेने बदलले तर ती जाळ्यातून निसटते, आणि तिच्यावरचा पहारा उठल्याचे कोणास कळत नाही. एक्लिप्समध्ये अ‍ॅस्पेक्टजेसाठी जी साधने झाली, त्यांनी ज्या ओळीवर अ‍ॅडव्हाइस लागू होते तिच्या समासात खूण दाखवण्यास आरंभ केला. तो उपाय चांगला होता. पण तो त्या साधनापुरताच, संहितेत तो नव्हता.

माझा कल ज्या बाजूस आहे ती बाजू जावा 5 च्या अ‍ॅनोटेशनांनी शक्य केली. नावाच्या नमुन्यावर पॉइंटकट न लिहिता, अमुक अ‍ॅनोटेशन असलेली मेथड, असा तो लिहावा. म्हणजे नियमाचा मजकूर एका जागी राहतो, आणि तो येथे लागू आहे याची कबुली प्रत्येक मेथडच्या माथ्यावर उघड राहते. अजाणतेपणाचे जे लक्षण फिलमन आणि फ्रीडमन यांनी सांगितले, ते येथे बहुतांशी सोडून दिलेले आहे, आणि त्याबद्दल शोक करण्याचे कारण मला दिसत नाही. तपासणी, नोंद, ट्रान्झॅक्शन, वेळेचे मोजमाप ही कर्तव्ये अशा घोषित हस्तक्षेपाकडे निःशंकपणे सोपवावीत. परंतु व्याजाचा दर किती, कोणत्या ग्राहकास सूट द्यावी, असे निर्णय अराउंड अ‍ॅडव्हाइसच्या आडोशाने बदलू नयेत. ते त्या त्या क्लासच्या अंगणात, वाचणाऱ्याच्या समोर असले पाहिजेत. उत्तर बदलणारा हस्तक्षेप चाचणीच्या वेळी घड्याळापुरता शोभतो. चालत्या बँकेत तो शोभत नाही.

जावाच्या मंचानेही अलीकडे याच दिशेने पाऊल टाकले आहे. चालू असलेल्या आज्ञावलीस बाहेरून एजंट जोडून तिचे क्लास बदलण्याची जी मुभा आजवर सरसकट होती, तिच्याविषयी 2023 च्या सप्टेंबरमध्ये निघालेल्या जेडीके 21 ने सूचना छापण्यास सुरुवात केली, आणि पुढील एखाद्या आवृत्तीत ही मुभा मूळ स्थितीत बंद असेल असे जाहीर केले. आज्ञावली सुरू करतानाच्या हुकमात ज्या एजंटचे नाव लिहिलेले आहे, त्याला मात्र कोणतीही हरकत नाही. त्यामुळे चाचणीसाठी नकली ऑब्जेक्ट बनवणारे मॉकिटोसारखे साधन, जे आतापर्यंत आपला एजंट परस्पर जोडून घेत होते, त्याच्या वापरकर्त्यांना आता त्याचे नाव चाचण्यांच्या आरंभहुकमात लिहिण्याचा सल्ला दिला जातो. एका ओळीचे हे काम ज्यांनी अद्याप केलेले नाही, त्यांनी नव्या आवृत्तीकडे जाण्यापूर्वी ते करून घ्यावे.